सागवानी खांबाला हॅमॉक बांधायचा तर खांब किती ओढ घेईल?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या ओसरीत ६ इंची चौकोनी सागवानी खांब आहे, उंची १० फूट, हॅमॉकचं एक टोक त्याला आणि दुसरं समोरच्या भिंतीला बांधायचंय, तर खांब आडवी ओढ किती घेईल. हिशोब सांगतो, पण खांब मधून मोडायची भीती फार नाही, खरा घोर खांबाच्या दोन टोकांचा आहे.

आधी ओढ पाहा. ८० किलोचा माणूस झोपला आणि दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली असली तर आडवी ओढ ७० किलोच्या आसपास येते, तोच हॅमॉक ताणून १० अंशावर बांधला की २२५ च्या वर! धपकन बसलं तर दुप्पट धरा. म्हणून सैल बांधा, यात एक पैसा लागत नाही.

आता लाकूड. बाजूचा घन भागिले ६ केलं की १५ सेंमीच्या खांबाचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला तोंड देण्याचं माप, ५६० घन सेंमीच्या जवळपास येतो. लाकूड जुनं, वरचा मजलाही त्याच्याच डोक्यावर, त्यामुळे वाकण्याचा ताण मी चौरस सेंमीला ८० किलोच धरतो, जास्त नाही. दोन्ही टोकं पक्की असतील आणि दोरी ६ फुटांवर असेल तर तरीही ६०० किलो निघतात.

पण टोकं पक्की आहेत का? जुन्या घरात खांब गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो आणि वर तुळईच्या खाचेत त्याचं कुसू, म्हणजे टोकाची निमुळती खुंटी, बसवलेलं असतं. ६ फुटांवरच्या ओढीतला ६० टक्के भाग त्या वरच्या जोडावर जातो, आणि तुम्ही भिंतीकडे म्हणजे तुळईला आडवं ओढून राहिले, तिकडून तिला धरणारं काहीच नाही. त्यापेक्षा एकाच तुळईखालच्या दोन खांबांमध्ये बांधा, दोन्ही खांब एकमेकांकडे ओढले जातात आणि मधली तुळई त्यांना वर दूर धरून ठेवते.

बूड नक्की तपासा. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर ओसरीत खांबाला लागून असतो, पाणी ठिबकत राहते, मग तळखड्याच्या वर लाकूड कुजते नाहीतर उदई लागते. पेचकस दाबून पाहा, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. चारी बाजूंनी एकेक इंच गेला असेल तर तिथे जेमतेम ३० टक्के ताकद उरते, दिसायला खांब तसाच. असं असेल तर हॅमॉक राहू द्या, आधी सुताराला बोलवा. आणि हुकासाठी भोक पाडू नका, रुंद पट्टा गुंडाळा.

त्याच खांबाला आडोशाची ग्रीन नेट मात्र बांधू नका. नागपूरसाठी डिझाइनचा वारा सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला ११८ किलो दाब, १० बाय १० फुटांच्या उभ्या जाळीतून अर्धी हवा निघून गेली तरी ५०० किलोच्या वर. तिच्यासाठी अंगणात वेगळे लोखंडी पाइप गाडा.