शब्दांची चौकशी: पोलाइट अन् पॉलिटिक्स सख्खे भाऊ का?

प्रश्न: आमचा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो पोलाइट, पॉलिटिक्स, पॉलिसी, पोलीस हे सगळे एकाच घरातले शब्द. म्हणजे नेते लोक पूर्वी नम्र असायचे का? घरी यावरून रोज वाद होतो. (एक ताई, प्रतापनगर)

उत्तर: ताई, पोरगा अर्धा बरोबर आहे. पॉलिटिक्स अन् पोलीस खरंच एका घरचे, दोघांचं मूळ ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. सरकारची पॉलिसी पण त्यातलीच. पोलाइट मात्र त्या घरचा नाहीच, तो लॅटिनमधून आला, घासून गुळगुळीत करणे या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणजे नातं लावायचंच तर बुटाच्या पॉलिशशी लावा. इंग्रजीत आधी घासूनपुसून चकचकीत केलेल्या वस्तू पोलाइट होत्या, माणसं मागून झाली. अन् गंमत म्हणजे कपाटातली विम्याची पॉलिसी सरकारच्या पॉलिसीची कुणीच लागत नाही, ती इटालियन 'पोलिझ्झा' म्हणजे दाखला, पावती, त्यावरून आली. स्पेलिंग एक झालं म्हणून काय झालं, एका आडनावाची दोन घरं एकाच गल्लीत असतात की आपल्याकडे.

मुलाला आता 'पॉलिटिक' विचारा, शेवटी स न लावता. जुना शब्द आहे, अर्थ धोरणी, वेळ पाहून बोलणारा. यात शिवी नाही. पण शेक्सपिअरच्या काळात कुणाला पॉलिटिशियन म्हटलं की सरळ कारस्थानी असाच अर्थ निघायचा, आपण 'घरात राजकारण करू नको' म्हणतो तसंच.

नम्रपणाचं नगराशी नातं हवंच असेल तर 'सिव्हिल' घ्या, लॅटिनमध्ये 'सिव्हिस' म्हणजे नागरिक. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला सिव्हिल वेगळ्या अर्थाचा, लष्करी नाही ते सिव्हिल, फौजेची छावणी तिकडे कामठीला. नाहीतर अधिवेशनात विधानभवनाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाची भाषा ऐका, काही सिव्हिल नसते ती. मराठीत सभ्य म्हणजे मुळात सभेत शोभणारा, अन् ग्राम्य म्हणजे अडाणी, असभ्य. इंग्रजीतला व्हिलन पण आधी जमीनदाराच्या शेतावर राबणारा साधा माणूस होता. डिक्शनऱ्या शहरातल्या लोकांनी लिहिल्या, दुसरं काय.

प्रश्न: कनिंग अन् श्रूड यात फरक काय? दोन्हीचा अर्थ चलाखच ना? (एक वाचक, महाल)

उत्तर: भाऊ, आज जवळजवळ तसंच, पण दोघं उलट्या दिशेनं आलेत. कनिंग चांगल्या घरचा, जुन्या इंग्रजीतल्या 'जाणणे' या क्रियापदातून आलेला, म्हणजे आधी अर्थ फक्त जाणकार, कसबी असा होता, लबाडीचा वास मागून लागला. अन् ते क्रियापद अन् आपलं संस्कृत 'ज्ञा' एकाच मुळाचे, म्हणून ज्ञान हा कनिंगचा लांबचा चुलतभाऊ. पुढे बघा, आपला शहाणा आला 'सज्ञान' वरून, हिंदीतला सयाना पण तिथूनच, म्हणजे इतवारीत कुणी 'ज्यादा सयाना मत बन बे' म्हणतो तेव्हा तो शब्द तिकडच्या कनिंगसारखाच घसरलेला असतो. आपणही 'जास्त शहाणपणा करू नको' म्हणतोच.

तुम्ही महालात राहता म्हणून सांगतो, पेशवाईतले साडेतीन शहाणे ऐकले असतील, त्यातला एक पूर्ण शहाणा आपल्या नागपूरकर भोसल्यांचा, देवाजीपंत चोरघडे. दुसरे पुण्याचे सखारामबापू बोकील, तिसरा निजामाकडचा विठ्ठल सुंदर, अन् नाना फडणवीस अर्धे, कारण डोकं होतं पण तलवार नव्हती असं म्हणतात. तेव्हा शहाणा ही पदवी होती बघा, आज त्याच्यामागे दीड लावला की भांडण होतं.

श्रूड मात्र खालून वर चढला. मूळ 'श्रू' म्हणजे चिचुंद्री, ती चावली की विष चढतं असा तिकडे समज होता, म्हणून दुष्ट माणसालाही श्रू म्हणू लागले अन् श्रूड म्हणजे दुष्ट, वाईट. मग काही शतकांत तोच शब्द कौतुकाचा झाला. अवघड काही नाही यात, 'डेंजर डोकं आहे पोट्ट्याचं' म्हणताना आपण शिवी देतो का?

प्रश्न: कँडिडेट म्हणजे पांढरा कपडा, हे खरं का सर? (बारावीचा विद्यार्थी, मेडिकल चौक)

उत्तर: खरं आहे. लॅटिनमध्ये 'कँडिडस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूनं घासून आणखी पांढरा करायचा अन् मतांसाठी गावभर फिरायचा, त्या फिरण्यावरूनच अँबिशन शब्द आला. डिसेंबरात आमदार निवासाच्या गेटवर दहा मिनिटं उभा राहून बघ, खडूच्या जागी नीळ अन् इस्त्री आली इतकंच.