हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं कोलेस्टेरॉल कमी आलं तर ते धोक्याचं असतं का? कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची बायपास झालेली आहे, हृदयाचं पंपिंग 30 टक्के आहे आणि परवाच्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 132 आलं. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं, की हार्ट फेल्युअरमध्ये कोलेस्टेरॉल कमी असलेली माणसं लवकर जातात. म्हणून गोळी थांबवून तूप-लोणी सुरू करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

गोळी आपल्या मनानं थांबवू नका आणि तुपाचा मार्गही धरू नका. पण तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, आणि ते नीट कळणं फार गरजेचं आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या आईला हाच आजार होता आणि सहा वर्षं तिची औषधं, पथ्यं, रिपोर्ट मीच बघत होते. शेवटच्या दीड वर्षात तिचं कोलेस्टेरॉल 190 वरून 128 वर आलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. तेल कमी केलं त्याचं फळ, असं मी भावाला फोन करून सांगितलं होतं. त्याच दिवसांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, कानशिलं आत गेली होती, अर्ध्या भाकरीवर पोट भरलं म्हणायची. वजन मात्र काट्यावर 54 च्या आसपासच, त्यामुळे मला शंका आली नाही. पायांवर आणि पोटात पाणी साठत होतं, अंगावरचं मांस उतरत होतं, आणि बेरीज तेवढीच राहत होती. हे मला पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तिचा दंड हातात धरून दाखवलं तेव्हा कळलं.

मग मी याबद्दल वाचत गेले. 2002 साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी बळावलेल्या हार्ट फेल्युअरच्या 1134 रुग्णांची माहिती मांडली. ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं, त्यांचीच अवस्था पुढे जास्त बिघडली. 2003 मध्ये माथियास राउखहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही तेच दिसलं. साधारण 200 ही रेघ धरली, तर तिच्या वरच्या गटातले 92 टक्के वर्षभरानंतर हयात होते, खालच्या गटातले 75 टक्के. तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितलं, त्याचं मूळ अशाच आकड्यांमध्ये आहे.

असं का होतं? हृदय पुढे रक्त ढकलू शकत नाही, तेव्हा ते मागे तुंबतं. यकृतात तुंबलं की यकृताचं काम मंदावतं, आणि कोलेस्टेरॉल मुख्यतः तिथंच बनतं. आतड्यांच्या भिंतीला सूज येते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि भूकही मरते. शरीर दाहाच्या अवस्थेत जातं आणि स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. म्हणजे कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून आजार वाढला असं नसतं, बहुतेक वेळा आजार वाढला म्हणून ते उतरलेलं असतं. राउखहाउस यांच्याच गटानं आणखी एक तर्क मांडला आहे. सुजलेल्या आतड्यातून जंतूंचं विष रक्तात झिरपतं आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण ते विष बांधून ठेवतात, म्हणून ते कमी झाले की दाह वाढतो. मला हा तर्क पटण्यासारखा वाटतो, पण तो तर्कच आहे.

आता गोळीचं. कमी कोलेस्टेरॉलच घातक असतं, तर ते औषधानं पाडल्यावर माणसं जास्त मरायला हवी होती. हे दोनदा तपासून झालंय. 2007 च्या कोरोना चाचणीत (त्या साथीशी तिचा काही संबंध नाही, नाव तेवढं एक) साठी ओलांडलेले 5011 रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, 10 मिलिग्रॅमची, दिली. वाईट कोलेस्टेरॉल 45 टक्के उतरलं, तरी मृत्यू वाढले नाहीत. ठळकपणे कमीही झाले नाहीत, फक्त दवाखान्यात भरती होण्याच्या खेपा घटल्या. पुढच्याच वर्षी इटलीतल्या साडेचार हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत गोळीवाल्यांत 29 टक्के मृत्यू झाले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 28. म्हणून केवळ हार्ट फेल्युअरसाठी ही गोळी नव्यानं सुरू करत नाहीत. तुमच्या वडिलांना ती बायपासमुळे, रक्तवाहिन्यांसाठी दिलेली असणार. ते कारण अजून तसंच आहे.

तेव्हा 132 हा आकडा बघताना आधीचे रिपोर्ट काढून शेजारी ठेवा. गोळी सुरू केल्यावर उतरला आणि बाबा जेवून-खाऊन बरे आहेत, तर ते गोळीचं काम. गोळी तीच, डोस तोच, आणि तरी आकडा घसरत चाललाय, जेवण तुटलंय, तर डॉक्टरांना लगेच सांगा आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासायचं का ते विचारा. सूज नसताना वर्षभरात वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो, तर तेही सांगा. उलट तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणी समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. शेजारी दंडाचा घेर आठवड्यातून एकदा शिंप्याच्या टेपनं मोजून लिहीत चला. काट्याला जे दिसत नाही ते टेपला दिसतं.

खायला थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. मुगाची खिचडी, अंड्याचा पांढरा भाग, ताजं पनीर, मासे चालत असतील तर ताजे मासे. मीठ सांगितलंय तेवढंच. लोणचं, पापड, सुकी मासळी नको. किडनीचा रिपोर्ट वाढलेला असेल तर प्रथिनं किती द्यायची हे आधी विचारून घ्या, आमच्याकडे ते विचारायचं राहून गेलं होतं.