होस्ट बसला? आधी रिस्टोअरचं बटण सोड

प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) ज्यावर चालते तो सर्व्हर, म्हणजे होस्ट, बंद पडला की नेमकं काय गेलंय ते आधी बघ. फक्त बूट डिस्क (जिच्यावरून होस्ट सुरू होतो ती) गेली असेल आणि व्हीएमच्या डिस्क वेगळ्या स्टोरेजवर शाबूत असतील, तर प्रॉक्समॉक्स नव्याने टाकून ते स्टोरेज जोडता येतं. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्क काढूनच ठेव. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पुसतो. घोडं अडतं ते व्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलींपाशी (त्यात प्रत्येक व्हीएमची सेटिंग्ज असतात), कारण त्या बूट डिस्कवर असतात. त्यांची प्रत दुसरीकडे हवीच.

बॅकअपमधून आणायचं असेल तर नवा व्हीएम आयडी (व्हीएमचा क्रमांक) दे. जुन्या आयडीचा व्हीएम अजून असेल आणि त्याच्यावरच रिस्टोअर केलंस, तर त्याच्या डिस्कवरच्या डेटावर पाणी सोड. आणि पहिल्यांदा सुरू करताना नेटवर्क तोडलेलं असू दे, नाहीतर जुनं मशीनही कुठे चालू असेल तर एकाच आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) दोन मशीन भांडत बसतील. डेटाबेस असेल तर लॉगिन स्क्रीन पाहून खूश होऊ नकोस, आतल्या ताज्या नोंदी तपास.