थंडीआधी सांभार पेरताना

सांभार (म्हणजे कोथिंबीर) उगवत नाही, ही आपली तक्रार बहुधा बियाण्याची नसून पेरणीच्या पद्धतीची आहे. अख्खे धणे तसेच न टाकता हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवाव्यात आणि एक-दीड सेंटिमीटर खोल पेराव्यात, म्हणजे साधारण ८ ते १५ दिवसांत कोंब दिसू लागतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा थोडा उंच करून त्यात पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण (गोठा जवळ असला की मोह होतोच) हुमणीला (मुळे कुरतडणाऱ्या अळीला) आमंत्रण देते. मेथी-पालक दिवाळीच्या सुमारास पेरले तरी चालतात. पाणी मात्र सकाळीच द्यावे, कारण पाने रात्रभर ओली राहिल्यास बुरशीजन्य रोग बळावतात.