भिंतीवरचा रस्ता

प्रश्न: अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांच्याविषयी वाचताना निदर्शनं आणि अटकच जास्त दिसते. आंदोलनांमुळे त्यांच्या चित्रकलेचं नुकसान झालं का?

उत्तर: मुळीच नाही. मला नेहमी न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या महिला तुरुंगासाठी त्यांनी केलेलं भित्तिचित्र आठवतं. १९७१ साली ते रंगवण्याआधी त्यांनी तिथल्या कैदी बायकांनाच विचारलं, तुम्हाला काय बघायला आवडेल? एकीला इथून बाहेर नेणारा लांब रस्ता हवा होता. मग बाईंनी डॉक्टर, बसचालक, बास्केटबॉल खेळाडू, इतकंच काय, राष्ट्राध्यक्ष झालेली स्त्रीही रंगवली. हाच तो रस्ता! पुढे तिथे पुरुष कैदी आले आणि चित्रावर पांढरा रंग फासला गेला. हे वाचून मी रडले होते. नंतर ते वाचवलं गेलं, हे केवढं भाग्य.

अटक झाली ती १९७० च्या ध्वज-प्रदर्शनामुळे; अमेरिकन राष्ट्रध्वजाच्या वापरावरच्या कायदेशीर बंधनांचा निषेध म्हणून कलावंतांनी ते भरवलं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कला संग्रहालयाच्या प्रदर्शनात निम्म्या कलावंत स्त्रिया असाव्यात, म्हणून त्या लढल्या.

त्यांच्या गोधड्याही जरूर पाहा. आई विली पोझी फॅशन डिझायनर. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. पुढच्या गोधड्यांवर चित्रांसोबत हाताने लिहिलेल्या गोष्टी आल्या.

आणि १९६७ चं ‘डाय’ (Die, म्हणजे ‘मरा’) हे बारा फुटी, रक्ताने माखलेल्या माणसांचं चित्र? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते २०१६ मध्ये घेतलं. तब्बल ४९ वर्षांनी.