एखादा देश मुलांचे हक्क पाळतोय का, हे कोण तपासतं?
संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती तपासते. त्यात १८ स्वतंत्र तज्ज्ञ असतात आणि बैठका जिनिव्हात होतात. १९८९च्या बालहक्क कराराच्या कलम ४४ नुसार देशाने करार आपल्याला लागू झाल्यापासून २ वर्षांत पहिला आणि पुढे दर ५ वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. नुसता सरकारी अहवाल वाचू नका. स्वयंसेवी संस्थांचा पर्यायी अहवाल आणि समितीची समारोपाची निरीक्षणं, म्हणजे तपासणीनंतर ती देशाला देते ते निष्कर्ष आणि शिफारशी, शेजारी ठेवा. तपासणीच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच शिफारस दिसली, तर काम अडलंय असं समजा. सरासरी फार फसवते: पटावर नाव आहे म्हणजे मूल वर्गात बसतंय असं नाही. आकडे वय, लिंग, अपंगत्व आणि प्रदेशानुसार फोडून बघा. मात्र समितीला दंड करण्याचा अधिकार नाही, आणि बरेच अहवाल मुदत उलटून गेल्यावरच येतात.