सात महिने गावी राहिला, आता सिटिझनशिप अडकेल का?

प्रश्न : लहान भाऊ न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डला आता पाच वर्षं होतील. दोन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा तो सलग सात महिने इकडे फैजपूरला होता, बायको-मुलं तिकडेच. आता सिटिझनशिपचा अर्ज करायचाय तर तिथला एक एजंट म्हणतो ती ट्रिप दाखवूच नका, मी फॉर्म भरून देतो. वकील लावायचा का? आणि केळीच्या शेतातला त्याचा हिस्सा जाईल का?
– एक वाचक, ता. यावल

उत्तर : भाऊ, आधी त्याला त्या एजंटचा नाद सोडायला सांगा. येण्या-जाण्याची सगळी नोंद सरकारकडे असते, आणि खोटं लिहिलेलं सापडलं तर अर्ज तर जातोच, पुढे ग्रीन कार्डावरपण येऊ शकतं. सही भावाची असते, एजंटची नाही.

सात महिन्यांनी सगळं संपलं असं मुळीच नाही. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की त्यांचं इमिग्रेशन ऑफिस धरून चालतं की तिथला मुक्काम तुटला, पण ते खोडता येतं, नोकरी चालू होती, घरभाडं जात होतं, बायको-मुलं तिथंच होती, टॅक्स भरलाय, हे सगळे कागद आणि सोबत वडिलांचे दवाखान्याचे पेपर जोडायचे. वर्षभर राहिला असता तर मात्र अवघड होतं. शिवाय पाच वर्षांत एकूण 30 महिने तरी तिथं राहिलेलं लागतं, तेवढं त्याचं भरत असेल, तरी मोजून घ्या.

साधी केस असती तर सिटिझनशिपच्या अर्जाचा एन-400 फॉर्म ऑनलाइन स्वतः भर म्हटलं असतं, वकील सक्तीचा नाहीच. पण ही ट्रिप आहे म्हणून, आणि कधी अटक झाली असेल, केस सुटलेली असली तरी, तर त्यासाठीही, इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नये. वकील परवडत नसेल तर अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात, सेवाभावी संस्थांमध्ये, ते कमी पैशात करतात, त्यांची यादी खात्याच्या साइटवर आहे. जो कोणी केस घेईल तो जी-28 फॉर्मवर, म्हणजे ‘या अर्जदाराचा वकील किंवा प्रतिनिधी मी आहे’ असं कळवायच्या फॉर्मवर, स्वतःचं नाव टाकून सही करतो का ते बघा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता शेताचं. तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व आपोआप जातं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) काढता येतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर इथं राहणाऱ्या भारतीयालाच. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला हिस्सा राहतो, बाजूचं शेत मात्र त्याच्या नावावर घेऊ नका.